घोड्यावरची सायकल

“त्या घोड्यालाही हळदकुंकू लाव,” मामा म्हणाले. “सायकलीसकट. यंत्रच आहे ते.”

खंडेनवमीची दुपार होती. इचलकरंजीत आमच्या गल्लीत एरवी शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, मागांचा खडखडाट पहाटेपासून कानावर असतो. त्या दिवशी मात्र सगळे माग बंद. आमच्या मोहित्यांच्या कारखान्यातलेही धुऊनपुसून उभे होते. एकेका मागाला झेंडूचा हार घालत, उदबत्ती ओवाळत माझे सासरे, म्हणजे मामा, निघाले ते थेट घरात शिरले आणि माझ्या मागच्या खोलीच्या दारात येऊन थांबले. त्यांच्यामागं आत्ती, माझ्या सासूबाई, हातात तबक घेऊन.

मी घोड्यावरच होते. घामानं नुसती निथळत होते.

घोडा म्हणजे लोखंडाचा एक स्टँड. सायकलीचं मागचं चाक त्यात आवळून बसवायचं. चाकाखाली एक रूळ येतो. पेडल मारलं की चाक त्या रुळावर फिरतं आणि सायकल जागची हलत नाही. दुकानदार त्याला ट्रेनर म्हणाला होता. आत्तींनी पहिल्याच दिवशी त्याला घोडा म्हटलं आणि तेच नाव पडलं. कितीही पळवा, तबेल्यातच.

“उतर,” मामा म्हणाले.

“थोडंच राहिलंय, मामा.”

“पूजेला कुणी थांबायला सांगतं का?”

उतरले. आत्तींनी हँडलला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. एक हार घोड्याच्या पायालाही गुंडाळला. मामांनी हात जोडले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “आता उद्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत याला हात लावायचा नाही. पूजेतलं यंत्र चालवायचं नसतं. मागांना जो नियम, तोच याला.”

उद्या सकाळी जयसिंगपूरला माझी शर्यत होती. हे त्यांना माहीत होतं. महिन्याभरापूर्वी मीच सांगितलं होतं, आणि त्या सकाळच्या पेपरात बातमीही होती. मामा पेपर जाहिरातींसकट वाचतात.

“मामा, उद्या शर्यत आहे माझी.”

“हो का? मग मी कुठं नाही म्हटलंय?” असं म्हणून ते पायरीवर चपला घालून तिसऱ्या शेडकडं निघूनही गेले.

हीच तर त्यांची गंमत होती. दोन वर्षांत त्या माणसानं मला एकदासुद्धा नाही म्हटलं नव्हतं. माझ्या लग्नाच्या बोलणीत सांगलीला आमच्या बाबांनी एकच गोष्ट मागितली होती, पोरीची सायकल सोडवू नका. शाळेपासून मी शर्यती मारत होते, राज्यपातळीपर्यंत जाऊन आले होते. मामांनी सगळ्यांसमोर मांडीवर हात मारून सांगितलं, “शब्द देतो. आमच्या घरात तिची सायकल कुणी सोडवणार नाही.” आणि मोहित्यांचा शब्द म्हणजे अख्ख्या इचलकरंजीत वजनदार. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

लग्नानंतर पंधरा दिवसांत मी पहाटे सायकल घेऊन बाहेर पडले. शर्यतीची घट्ट अर्धी विजार, डोक्यावर हेल्मेट. संध्याकाळपर्यंत मामांना चार जणांनी विचारलं होतं, “काय मोहिते, सून चड्डीवर फिरते म्हणे?” मामा घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत. आठवडाभरानं पुण्याहून खोकं आलं. आत घोडा. “घे,” म्हणाले, “आता हवी तेवढी चालव. ऊन नाही, पाऊस नाही, टेंपोवाले नाहीत.” मी तर हरखून गेले. काय पण सासरा मिळालाय म्हणून माहेरी फोन करून सांगितलं! त्यानंतर जेव्हा जेव्हा मी सायकल दाराबाहेर काढायला गेले, तेव्हा तेव्हा मामा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, “अगं, घरात एवढी सोय केलीय. मग रस्त्यावर कशाला?”

आता भांडणार तरी कुणाशी? शब्द तर पाळला जात होता. सायकल कुणी सोडवली नव्हती.

मग चालवत राहिले. समोर भिंत, भिंतीवर बँकेचं कॅलेंडर. घराबाहेर वारा असतो हे विसरायला झालं. खोलीत घाम वाळत नाही, टपटप फरशीवर पडतो, आणि खाली जुनं पोतं टाकावं लागतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत्ती बायकांना आत आणून दाखवायच्या, “बघा, आमची सून घरातच सायकल चालवते.” त्यावर पलीकडच्या गल्लीतली एकजण पदर तोंडाला लावून हसली होती, “आणि पोचते कुठं?” सगळ्याजणी खळखळून हसल्या. मीही हसले.

महिन्याभरापूर्वी चौगुले सरांचा, सांगलीच्या माझ्या प्रशिक्षकांचा, फोन आला, तेव्हा मी तो घोड्यावर बसूनच घेतला होता. म्हणाले, “दसऱ्याच्या सकाळी जयसिंगपूरला निवडीची शर्यत आहे. कारखाने बंद, रस्ता मोकळा. पहिल्या सहाजणी जिल्ह्याच्या संघात जातील. यंदा ये, सुचेता. पुढच्या वर्षी तू यायची नाहीस.” ते खरं होतं. घरात पाळण्याची बोलणी सुरू झाली होती. देवघराच्या माळ्यावरून लाकडी पाळणा उतरवून आत्तींनी तो पुसूनही ठेवला होता. यंदाचं साल हातचं गेलं की मी त्या भिंतीसमोरच म्हातारी होणार, हे मला लख्ख दिसत होतं.

संध्याकाळी धैर्यशील, माझा नवरा, सूत आणायला गेला होता तो परत आला. मी त्याला खोलीत नेऊन हार घातलेली सायकल दाखवली.

“अहो, बघा तुमच्या दादांनी काय केलंय.”

“मस्त दिसतेय की.”

“मस्त? उद्या शर्यत आहे माझी!”

“हां.” तो डोकं खाजवत म्हणाला, “पण आता पूजेत बसलीय म्हटल्यावर... दादांचं या बाबतीत फार कडक असतं गं. एकदा पूजेतला माग कामगारानं चुकून सुरू केला होता, तर दादांनी त्या दिवशी जेवण सोडलं होतं. पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी माझ्या मांडीवर पोर असेल.”

“मग चांगलंच आहे की!”

त्याच्याकडं बघून मला राग यावा की हसू यावं, कळेना. माणूस वाईट नव्हता हो. पण बापापुढं त्याचं सगळं अवसान गळायचं. मागचं टायर रुळावर घासून गुळगुळीत झालंय, नवीन आणा, म्हणून मी त्याला महिनाभर सांगत होते. तेही राहिलंच होतं.

जेवताना मी मामांना सरळ विचारलं. “मामा, सायकल यंत्र कधीपासून झाली? सायकल तर वाहन.”

आत्तींनी भाकरी वाढता वाढता माझ्याकडं एकदा बघितलं. धैर्यशीलनं ताटात मान घातली.

मामा शांतपणे आमटी भुरकत म्हणाले, “वाहन कशाला म्हणायचं? जे रस्त्यावर चालतं ते. आपली जीप वाहन. उद्या सकाळी तिची पूजा होईल, चाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि देवळापर्यंत फेरी मारायची. वाहनाला पूजेनंतर चालवायलाच लागतं, उभं ठेवलं तर अपशकुन. आणि यंत्र जागेवर चालतं, त्याला पूजेनंतर विश्रांती. तुझी सायकल दोन वर्षांत रस्त्यावर चाललीय का?”

“तुम्ही चालू दिलीत का?”

“मी कधी अडवलं?”

ताटावरून उठायचं नसतं म्हणून मी बसून राहिले. या माणसानं मला बांधून ठेवलं आणि दोरीही माझ्याच हातात दिली. वर म्हणतो, मी कधी अडवलं!

झोपताना माझं ठरलेलं होतं. देवाचं काय व्हायचं ते होवो.

दसऱ्याच्या पहाटे उठले, आंघोळ केली, देवाला नमस्कार केला आणि शर्यतीची अर्धी विजार घातली. दोन वर्षं ती कपाटात तळाशी होती. धैर्यशील कूस बदलून झोपेचं सोंग घेऊन पडला होता, पापण्या हलत होत्या.

“येते हो,” मी म्हटलं.

सोंग तसंच राहिलं.

मागच्या खोलीत गेले. घोड्याच्या पायाचा हार तसाच ठेवला, त्याला बोटसुद्धा लावलं नाही. फक्त चाक आवळून धरणारी मूठ सैल केली आणि सायकल उचलून खाली घेतली. हँडलचा हार तसाच, हळदकुंकू तसंच. हवा भरली. टायरवरून हात फिरवला, तर काचेसारखं गुळगुळीत. आता काय करणार, आहे त्यावर जायचं. सायकल ढकलत पुढच्या अंगणात आले.

अंगणात मामा जीप धूत होते. धोतर, बंडी, कपाळाला गंध. बॉनेटवर झेंडूचा भलामोठा हार. कट्ट्यावर तबकात नारळ आणि चार लिंबं, चार चाकांची. मला बघून त्यांनी बादली खाली ठेवली. आधी माझ्या पायांकडं बघितलं, मग दुसरीकडं मान फिरवली, मग सायकलीकडं बघितलं.

“पूजेतलं यंत्र सोडवलंस?” आवाज पहिल्यांदाच चढला होता.

“यंत्र आत आहे, मामा. हारफुलांसकट. जाऊन बघा, हात लावलेला नाही.”

“आणि हे?”

“हे वाहन. आता रस्त्यावर चालणार आहे ना, म्हणजे वाहनच. तुम्हीच काल सांगितलंत. पूजा झालेलं वाहन उभं ठेवलं तर अपशकुन.”

“मला शिकवतेस?” ते फाटकाकडं गेले आणि मध्ये उभे राहिले. “असल्या कपड्यात? दसऱ्याच्या दिवशी? गाव सोनं लुटायला बाहेर पडणार, आणि मोहित्यांची सून...”

“मोहित्यांची सून शर्यतीला चाललीय. गावाला सांगा.”

“मी शब्द दिला होता, तो पाळला.”

“पाळलात. एक खोली दिलीत त्या शब्दाला.”

मामा फाटकातून हलेनात. मी त्यांना ढकलून तर जाणार नव्हते. ते मोठे होते, आणि मी आमच्या आईच्या वळणात वाढलेली मुलगी होते. आम्ही दोघं तसेच उभे.

तेवढ्यात आत्ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. माझा आता पाणउतारा होणार असं वाटून मी दात आवळले. आत्ती माझ्याजवळ आल्या, माझ्या उघड्या गुडघ्यांकडं बघून “काय तरी बाई!” म्हणाल्या, आणि कट्ट्यापाशी गेल्या. तबकातली दोन लिंबं उचलली. एक माझ्या पुढच्या चाकाखाली ठेवलं, दुसरं मागच्या.

“अगं, ती जीपची आहेत!” मामा ओरडले.

“जीपला नंतर आणते.” आत्ती गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. “वाहन म्हणून पूजा व्हायची तर नीट व्हायला हवी. माझ्या हातची पूजा अर्धी राहिलेली मला चालत नाही.” मग मामांकडं वळून म्हणाल्या, “आणि तुम्ही फाटकातून सरा. चाकाखाली लिंबू ठेवल्यावर वाहन मागं घेत नाहीत. एवढं कळत नाही व्हय तुम्हाला?”

घरातल्या पूजेच्या नियमांत आत्तींचा शब्द शेवटचा असायचा. मामा एक पाऊल बाजूला झाले, एकच. पण सायकल जाण्यापुरती वाट झाली.

मी टांग टाकली. लिंबू कचकन फुटलं, मग दुसरं. मागं वळून न बघता निघाले.

काय सांगू तो रस्ता! कारखाने बंद, सगळीकडं सामसूम, आणि तोंडावर वारा. दोन वर्षांत पहिल्यांदा माझा घाम वाळत होता. मी रडत होते आणि मोठ्यानं हसतही होते. रस्त्याच्या कडेला झेंडू विकायला बसलेल्या बायका बघतच राहिल्या. हँडलचा हार उडून माझ्या तोंडावर यायला लागला, तेव्हा तो काढून मी एका मैलाच्या दगडाला घातला.

शर्यतीचं म्हणाल तर पायांत दम होता. घोड्यानं पाय लोखंडासारखे केले होते, ते खोटं कशाला सांगू. सरळ रस्त्यावर मी पुढच्या चौघींत होते. चौगुले सर गाडीतून ओरडत होते, “शाब्बास सुचेता, अशीच!” पण अर्ध्या वाटेवर रस्त्याच्या मधोमध एक डांबराचं पिंप ठेवलं होतं, त्याला वळसा घालून मागं यायचं होतं. आणि वेगात वळायचं कसं, तेच माझं अंग विसरलं होतं. घोड्यावर सायकल कलत नाही. दोन वर्षं मी एकदाही तशी वळले नव्हते. पिंपापाशी मी कलले, गुळगुळीत टायर सटकलं, आणि मी कोपरावर आपटले.

उठेपर्यंत पोरी सूंसूं करत निघून गेल्या. साखळी उतरली होती. रक्तानं बरबटलेल्या हातांनी ती बसवली आणि पुन्हा निघाले. एकेकीला गाठत गेले. सगळ्या नाही गाठता आल्या. नववी आले. निवड सहाजणींची.

सर म्हणाले, “वळणावर गेली तुझी निवड.”

“माहितेय, सर.”

“रस्त्यावर किती चालवलीस?”

“दोन वर्षांत आज पहिल्यांदा.”

सरांनी माझ्या कोपरावर पट्टी बांधून दिली आणि गाडीतून सोडायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. सायकलवरूनच परतले.

संध्याकाळी घरी सोनं वाटायला माणसांची रीघ लागली होती. मी साडी नेसून, आपट्याची पानं घेऊन बाहेरच्या खोलीत आले. कोपराची पट्टी पदराखाली झाकत नव्हती, मी झाकायचा प्रयत्नही केला नाही. मामा आरामखुर्चीत, भोवती कारखानदार मंडळी. धैर्यशील कोपऱ्यात चहाचे कप गोळा करत होता.

“काय, झाली का निवड?” मामांनी सगळ्यांदेखत विचारलं.

“नाही, मामा. पडले. नववी आले.”

मामांचा चेहरा खुलला. अगदी प्रेमानं म्हणाले, “अरेरे. असू दे, असू दे. हौस तर फिटली ना? आता उद्यापासून आपलं घरातच, निवांत. मी परवा पुण्याला चाललोय, नवीन टायर आणतो तुला.”

सगळे कौतुकानं माना डोलवायला लागले. केवढा समजूतदार सासरा! मी हरलेली होते. सगळ्यांना वाटत होतं की विषय मिटला. आणि तेव्हा मला कळलं की शर्यत जिंकले असते तरी हे असंच बोलले असते. म्हणाले असते, निवड झाली ना, आता सराव घरातच. मला संघात जायचं होतं, खरंय. पण मी पहाटे उठून निघाले होते ते त्या संघासाठी नव्हतंच.

मी वाकून नमस्कार केला आणि आपट्याचं पान त्यांच्या हातात दिलं.

“मामा, लग्नात तुम्ही शब्द दिलात. आज मी देते, तुमच्यासारखाच, सगळ्यांसमोर. यापुढं मी घरात सायकल चालवणार नाही.”

“म्हणजे सोडणार?” कुणीतरी विचारलं.

“छे हो. फक्त घरात चालवणार नाही.”

मामांनी पान मुठीत दाबलं, आणि एवढं मात्र म्हणाले, “बघू की.”

बघितलंच त्यांनी. दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल घेऊन अंगणात आले, तर फाटकाला कुलूप. असं कुलूप त्या घरात कधी लागलं नव्हतं. मामा ओसरीवर बसून पेपर वाचत होते. अंधुक उजेडात अक्षर तरी दिसत होतं की नाही, देव जाणे.

“किल्ली, मामा?”

“सापडत नाहीये गं,” ते पेपरातूनच म्हणाले. “धैर्यशील उठला की शोधायला सांगतो.”

शर्यतीची सायकल हलकी असते. मी ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली, फाटकावरून पलीकडं घेतली आणि अलगद रस्त्यावर सोडली. कोपरातून कळ गेली, तशी पट्टीही ओली झाली. मग फाटकाच्या आडव्या पट्टीवर पाय दिला.

पेपर खाली पडला. “अगं सुचेता! लोक बघतायत!”

बघत होते खरंच. नळावर पाणी भरायला आलेल्या बायका घागरी तशाच ठेवून उभ्या होत्या. पलीकडच्या गल्लीतली ती हसणारीही त्यांच्यात होती.

“बघू देत,” मी फाटकावर बसून म्हटलं, आणि पलीकडं उडी मारली.

त्या दिवशी मी नृसिंहवाडीपर्यंत जाऊन आले. परतले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. फाटक सताड उघडं होतं, आणि कुलूप काढून आत्ती ते आपल्या कमरेला खोचून दारात सडा घालत होत्या.